अंजिराच्या काड्या आणि साडेआठशेची बाटली

काड्यांना मुळ्या फुटाव्यात म्हणून घेतलेल्या जिवाणूंच्या बाटलीचं नाव लिहीत नाही, हे आधीच सांगते. दुकानदार आमच्याच गावचा, दिवसाआड एसटी स्टँडवर दिसतो. शिवाय हाच माल पुढच्या वर्षी नवं नाव आणि नवं चित्र लावून येतो, हे बघत आलेय. त्यामुळे नावापेक्षा आत काय होतं आणि त्याने माझ्या काड्यांचं काय झालं, तेवढं लिहिते. ज्यांना निकालाचीच घाई आहे त्यांच्यासाठी: साडेआठशेच्या बाटलीला पाचपैकी अर्धा तारा, तोही झाकण घट्ट होतं म्हणून. कृषी विद्यापीठाच्या तीनशेच्या बाटल्यांना साडेतीन. बाकीचं सावकाश वाचा.

पुरंदर तालुक्यात, सासवडपासून थोडं आत आमची रोपवाटिका आहे. सासऱ्यांनी सुरू केली, आता मी बघते. मुख्य माल अंजीर, मग डाळिंब, थोडं तुती आणि शोभेचं. २०१६ साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून गिऱ्हाईक रोप हातात घेऊन विचारतं, "पुरंदरचंच ना?" त्याआधीही पुरंदरचंच होतं, पण तेव्हा कोणी विचारत नव्हतं.

अंजीर काडीवर होतं. पंचवीस मातृझाडं राखून ठेवलीत, त्यांचं फळ धरत नाही. जानेवारीच्या अखेरीस, थंडी सरता सरता काड्या काढायच्या. पिकलेल्या फांदीची, करंगळीएवढी जाड, वीतभराहून थोडी लांब, चार-पाच डोळ्यांची काडी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि आडवा, वरचा तिरका. काप घेतला की पांढरा चीक वाहतो. तो हाताला लागून उन्हात गेलात तर कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून आमच्या बायका जुने मोजे हातात घालून बसतात. काड्या एक रात्र ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवायच्या, चीक सुकला की लावायच्या. यात काही मोठी विद्या नाही. अंजीर तसं भलं झाड आहे, नुसती खुपसली तरी शंभरातल्या निम्म्याहून जास्त काड्या लागतात.

गोची पुढे आहे. काडी फुटली म्हणजे लागली, असं नसतं. काडीत साठवलेल्या अन्नावर डोळे फुटतात, दोन-तीन पानं येतात, बघणारा खूश होतो. खाली मुळीचा पत्ता नसतो. मार्चचं ऊन चढलं की ती पानं एका दुपारीत माना टाकतात. आणि ज्यांना मुळ्या आल्या त्यांतल्याही बऱ्याच पिशवी बदलताना जातात, काही बुडाशी कुजतात. फेब्रुवारीत मोजलेली रोपं आणि जूनमध्ये विकलेली रोपं यांच्यामध्ये जी दरी आहे, तिच्यावर आमचं वर्ष ठरतं.

तर २०२४ च्या जानेवारीत दुकानात दोरी घ्यायला गेले होते. दुकानदार भाऊ म्हणाले, "वहिनी, हार्मोनची पावडर सोडा आता. जिवाणू आलेत. सात दिवसांत मुळ्या." काउंटरवर, दुपारचं ऊन थेट येतं त्या काचेशी, बाटल्यांची रांग होती. लेबलवर हिरवंगार झाड आणि त्याच्याखाली साबुदाण्याच्या खिचडीसारखा मुळ्यांचा गुंता. नऊ जिवाणूंची यादी होती आणि यादीत सातव्या नंबरला ट्रायकोडर्मा. ट्रायकोडर्मा बुरशी आहे, जिवाणू नाही, एवढं मलाही ठाऊक होतं. तिथेच परत फिरायला हवं होतं. पण काड्या दुसऱ्या दिवशी काढायच्या होत्या, आणि "सात दिवस" हा शब्द कानात बसला. साडेआठशे रुपये दिले, एक लिटर.

लेबलवर मिलीलिटरमध्ये किती जिवंत जिवाणू आहेत ते लिहिलेलं नव्हतं. उत्पादनाची तारीख होती, पण अंगठ्याने पुसली गेलेली. हे तेव्हा लक्षात आलं नाही, घरी येऊन चष्मा लावल्यावर आलं.

सांगितल्याप्रमाणे केलं. लिटरला दहा मिली, अर्धा तास काड्या बुडवून, मग बेडवर. झाकण उघडलं तेव्हा फुस्स करून हवा बाहेर आली आणि नासक्या ताकाचा वास सुटला. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "मेलेलं आहे ते." त्यांनी आयुष्यात जिवाणू बघितलेले नाहीत, पण विरजण त्यांना कळतं. शंभर काड्या त्या पाण्यातून, शंभर साध्या पाण्यातून. सात दिवसांनी दोन उपटून बघितल्या, काही नाही. पन्नास दिवसांनी बाटलीवाल्यांतल्या ५८ लागल्या, साध्या पाण्यातल्या ६०. म्हणजे साडेआठशे रुपये देऊन दोन काड्या कमी. बुडाची कूजही त्या वाफ्यात जरा जास्त वाटली, पण ती खात्रीने बाटलीच्या माथी मारत नाही, त्या कोपऱ्यात पाणी साचतं.

गोष्ट तिथेच संपली असती. माझी भाची पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. होळीला आली तेव्हा तिला बाटली दाखवली. तिने उरलेलं अर्धं पाणी एका उकळलेल्या काचेच्या बाटलीत भरून नेलं, आणि पंधरा दिवसांनी मला फोटो पाठवला. त्याआधी फोनवर मला हिशोब शिकवला, तो इथे देते, कारण दुकानात बाटली हातात घेतली की आता मी तोच मनात करते.

आपल्याकडे खत नियंत्रण आदेश १९८५ चा आहे, २००६ पासून जिवाणू खतंही त्यात येतात. द्रवरूप जिवाणू खतात मिलीलिटरमागे किमान दहा कोटी जिवंत पेशी हव्यात. पुडीतल्या खतात ग्रॅममागे पाच कोटी. दहा कोटीचं पाणी एक लाख पट पातळ केलं तर मिलीलिटरमध्ये हजार उरतात. त्यातला मिलीलिटरचा दहावा हिस्सा प्रयोगशाळेच्या बशीतल्या खाद्यावर पसरला, की दोन दिवसांत शंभरेक ठिपके दिसायला हवेत, एकेका पेशीची एकेक वसाहत. माझ्या बाटलीच्या बशीत अकरा ठिपके होते. आणि त्यांच्या मध्ये शिळ्या भाकरीवर येते तशी हिरवी बुरशी, रुपयाएवढी, मधोमध बसलेली.

"मावशी," ती म्हणाली, "सगळे जिवाणू या एका खाद्यावर वाढत नाहीत, त्यामुळे अगदी अकराच जिवंत होते असं म्हणता येणार नाही. पण लेबलवरच्या ट्रायकोडर्माशिवाय दुसरी बुरशी तिथे असायलाच नको होती." मी तो फोटो भाऊंना दाखवला. ते म्हणाले, कंपनीचा माणूस आला की विचारतो. कंपनीचा माणूस अजून यायचाय.

भाचीनेच सुचवलं म्हणून पुढच्या हंगामाला कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून दोन बाटल्या आणल्या. एक अ‍ॅझोस्पिरिलम, एक स्युडोमोनास फ्लुरोसन्स, दोन्ही जिवाणूच. लिटरला तीनशेच्या आसपास. नऊ जणांची खिचडी नको, एका बाटलीत एकच जात हवी, म्हणजे तपासता येतं, हे तिचं म्हणणं. मराठवाड्यातले नातेवाईक परभणीच्या विद्यापीठाच्या बायोमिक्सची तारीफ करतात, त्यात अनेक सूक्ष्मजीव एकत्र असतात. ते मी वापरलेलं नाही, त्यामुळे त्यावर मत देत नाही.

या बाटल्यांवर मुळी फुटण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. साधा पांढरा कागद, जिवाणूचं नाव, पेशींची संख्या, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, थंड जागी ठेवा, रासायनिक औषधांत मिसळू नका. चित्र नाही. भाऊंच्या दुकानात ही बाटली कोणी हातात धरली नसती.

यांच्याही बशा भाचीने केल्या, आणि या वेळी मी मुद्दाम बघायला गेले. अ‍ॅझोस्पिरिलमला तांबड्या रंगाच्या खाद्यावर वाढवतात. जिवाणू तो रंग ओढून घेतो, त्यामुळे ठिपके कुंकवासारखे गडद लाल दिसतात. कडा जराशा कातरलेल्या, मध्ये सुरकुती. स्युडोमोनासची बशी बघायला तिने खोलीतला दिवा घालवला आणि नोटा तपासायची निळी बॅटरी लावली. अख्खी बशी पिवळट-हिरवी उजळली, गणपतीतल्या लायटिंगसारखी. "हा उजेड ज्या रसायनाचा आहे ना," ती म्हणाली, "तेच मातीतलं लोह पकडून ठेवतं. मग मर आणणाऱ्या बुरशीला लोह मिळत नाही, ती उपाशी." मी पंचवीस वर्षं माती हाताळतेय. त्यातलं काही असं उजळताना पहिल्यांदा बघितलं, आणि खरं सांगते, परतीच्या एसटीत मला तेच दिसत होतं.

आता हे जिवाणू काडीचं काय करतात, ते मला समजलं तसं लिहिते. काडीला मुळी फोडायला ऑक्सिन लागतं. ते झाडाचं स्वतःचं संप्रेरक, कोवळ्या डोळ्यांत तयार होऊन खाली उतरतं. आपण जी मुळ्यांची पावडर किंवा आयबीए वापरतो ते त्याचंच कारखान्यातलं भावंड. अ‍ॅझोस्पिरिलमसारखे जिवाणू मुळाशी बसून हेच ऑक्सिन थोडं थोडं बनवतात. आयबीए म्हणजे लग्नातलं एकदाच जेवण, जिवाणू म्हणजे रोजचा डबा. दुसरं असं, की काप घेतला की जखमेतून काडी एथिलीन बनवते. केळी पिकवायच्या चेंबरमध्ये सोडतात तोच वायू. तो वाढला की मुळीची वाढ खुंटते. काही जिवाणू, त्यांत स्युडोमोनासच्या काही जाती आल्या, एथिलीन ज्या कच्च्या मालातून बनतं तोच खाऊन टाकतात. कॅनडातले बर्नार्ड ग्लिक यांनी १९९८ मध्ये ही गोष्ट नीट मांडली, असं भाचीने सांगितलं. अ‍ॅझोस्पिरिलमकडे जगाचं लक्ष वेधलं ते ब्राझीलमध्ये काम करणाऱ्या योहाना डोबरायनर यांनी, १९७० च्या दशकात. तुर्कस्तानात किवी आणि आंबट चेरीच्या काड्यांवर जिवाणू आणि आयबीए दोन्ही वापरून बघितलेत, ब्राझीलमध्ये निलगिरीच्या रोपवाटिकांत. म्हणजे कल्पना भाऊंच्या काचेतल्या बाटलीवाल्याची नाही, आणि खोटीही नाही. खोटा होता तो माल.

२०२५ च्या जानेवारीत चार वाफे केले, प्रत्येकात शंभर काड्या, एकाच दिवशी काढलेल्या. पहिला साध्या पाण्याचा. दुसरा आयबीएचा: एक ग्रॅम पूड आधी स्पिरिटमध्ये विरघळवायची, मग पाणी घालून अर्धा लिटर करायचं, म्हणजे २००० पीपीएम, दहा लाख भागांत दोन हजार. ही पूड नुसत्या पाण्यात विरघळत नाही, तळाला बसते, आणि कित्येक जण तळ तसाच ठेवून वरचं पाणी वापरतात. त्यात काडीचं बूड दहा सेकंद. तिसरा जिवाणूंचा: दोन्ही बाटल्यांतलं लिटरला दहा-दहा मिली, अर्धा तास. चौथ्यात आधी आयबीए, आणि दहाव्या दिवशी जिवाणूंची आळवणी, म्हणजे ते पाण्यात मिसळून बुडाशी ओतायचे. दोन्ही एकाच वेळी करायचे नाहीत, स्पिरिटमध्ये जिवाणू मरतात. हे सांगायला भाची लागली नाही, करोनात सगळ्यांनीच हाताला चोळलंय.

पन्नासाव्या दिवशी मोजलं. मोजायची आमची रीत अशी, की काडी चिमटीत धरून हलकेच वर ओढायची. मुळी नसेल तर लोण्यातून सुरी निघावी तशी येते. मुळी असेल तर खालून कोणीतरी धरल्यासारखं लागतं. साधं पाणी ६१. आयबीए ७८. नुसते जिवाणू ७०. आयबीए अधिक जिवाणू ८०.

इथे मी थोडी हिरमुसले. शंभरात दोनचा फरक म्हणजे काहीच नाही, तो हाताचा किंवा वाफ्याचाही असू शकतो. नुसत्या जिवाणूंनी आयबीएची बरोबरी केली नाही. हे म्हणाले, "झालं तुमचं शास्त्र?" मीही मनात तीन तारे काढून टाकले होते.

पण मग पिशव्या भरल्या. पोयटा, कुजलेलं शेणखत आणि धुतलेलं कोकोपीट. तिसऱ्या आणि चौथ्या वाफ्यातल्या रोपांना पिशवीत गेल्यावर पुन्हा एक आळवणी दिली, लिटरला पाच मिली, पिशवीला अर्धा पेला. एप्रिलमध्ये काही पिशव्या फाडून बघितल्या. आयबीएच्या रोपाला बुडाशी जाड मुळ्यांचा झुपका होता, दाढीसारखा, पण उघडा, माती झटकली की गळून पडणारी. जिवाणूवाल्या रोपाच्या मुळ्या तितक्या जाड नव्हत्या, पण प्रत्येक मुळीवर पांढरं बारीक लव होतं आणि त्याला माती चिकटून राहिली होती. झटकली तरी सुटेना, नळाखाली धरावी लागली. आमच्याकडे काम करणाऱ्या ताई म्हणाल्या, "हिला पांढरी मुळी म्हणायची, बाकीच्या नुसत्या काथ्या."

जूनमध्ये विक्रीला लावताना पुन्हा मोजणी. साध्या पाण्यातली ६१ मधली ४९ उरली होती. आयबीएची ७८ मधली ६०. जिवाणूंची ७० मधली ६६. आयबीए आणि जिवाणूंची ८० मधली ७४. आयबीएने जेवढं आघाडीवर नेलं होतं, तेवढं एप्रिल-मेने परत घेतलं. जिवाणूंनी मुळी फोडण्यात फारसा हात दिला नाही, पण फुटलेलं टिकवलं. या सगळ्या उद्योगातून मला कळलेली ही एकच नवी गोष्ट आहे, आणि ती एकाही लेबलवर नव्हती. सगळे "मुळी फुटेल" म्हणूनच विकतात.

शंभर-शंभर काड्या, एक हंगाम, एक शेडनेट. चौथा वाफा आंब्याच्या सावलीकडे होता, हेही सांगायला हवं, दुपारी दोननंतर त्याला ऊन कमी लागतं. कोणी याला संशोधन म्हणू नये. पण पैशांचं गणित मला पुरेसं आहे. हजार काड्यांना बुडवायला आणि आळवणीला दोन्ही मिळून सातशे मिली जिवाणू जातात, म्हणजे काडीमागे एकवीस पैसे. चौथ्या वाफ्यात नुसत्या आयबीएपेक्षा शंभर काड्यांमागे जी चौदा रोपं जास्त वाचली, ती पस्तीस रुपयांनी गेली.

आता जिथे फसलं ते.

डाळिंबाच्या काड्यांवरही करून बघितलं. भगवा जातीच्या. सासरे खाटेवरून म्हणाले, "काय गं सूनबाई, तेल्याबी जिवाणूच ना? मग तू आणखी जिवाणू कशाला वतून राहिलीस?" प्रश्न अगदी बरोबर होता. तेल्या जिवाणूचाच रोग, आणि तो काडीतूनही एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो. त्यामुळे डाळिंबाच्या रोपवाटिकेत तांब्याचं औषध हातातल्या घड्याळासारखं असतं, फवारणी चुकवायची नाही. मी सोमवारी जिवाणूंची आळवणी दिली. गुरुवारी ह्यांनी नेहमीप्रमाणे फवारा मारला. चांगला भिजवून, पाणी ओघळून पिशव्यांत उतरेल असा. ते औषध तेल्याच्या जिवाणूला वेगळं आणि माझ्या जिवाणूला वेगळं ओळखत नाही. तीनशे पिशव्यांवर काहीही फरक दिसला नाही. दोष कोणाचा यावर घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. पण डाळिंबात तेल्याचा फवारा सोडून जिवाणू धरा, असं मी कोणालाही सांगणार नाही. रोप जगलं आणि तेल्या घेऊन गिऱ्हाइकाच्या बागेत गेलं, तर ते रोप मेलेलं बरं.

सीताफळाच्या काड्या गंमत म्हणून लावल्या, पन्नास. शून्य. सीताफळ काडीवर येत नाही, ते बी लावून किंवा खुंटावर कलम करूनच होतं, हे इथलं पोरगंही सांगेल. जिवाणू झाडाचा स्वभाव बदलत नाहीत, एवढं पन्नास काड्या घालवून सिद्ध केलं. तुतीचं उलट. तुती इतकी फुटते, की कोणी मदत केली आणि कोणी नाही हे कळतच नाही. तिथे पैसे घालवू नका.

शेजारच्या गावातल्या एकाने माझं ऐकून दुप्पट-तिप्पट मात्रा दिली. काड्या तशाच उभ्या, बुडाला सूज आलेली, मुळ्या आखूड आणि बोथट. ऑक्सिन गरजेपेक्षा जास्त झालं की मुळी लांबायची थांबते, हे भाचीने नंतर सांगितलं. खताच्या बाबतीत आपल्या लोकांना "थोडं जास्त टाकू" ही सवयच आहे, इथे ती नडते.

वापरणाऱ्यांसाठी चार गोष्टी, माझ्या चुकांतून आलेल्या. पाणी विहिरीचं घ्या. ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, असतं, ते पाणी उघड्या बादलीत रात्रभर ठेवून मगच वापरा. आळवणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. नुसत्या वाळूच्या बेडवर देऊ नका, कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट असेल तिथेच द्या, त्यांनाही राहायला घर लागतं. बाविस्टिन वापरत असाल तर ते बुरशीवर चालतं, या जिवाणूंना ते मारत नाही, पण ट्रायकोडर्मा टाकलं असेल तर ते मात्र गेलं समजा. आणि दुकानात बाटली कुठे ठेवलीय ते बघा. उन्हातल्या काचेशी असेल तर आत काहीही लिहिलेलं असू दे, घेऊ नका. मी आता दुकानात शिरल्यावर भाऊंना आधी विचारते, फ्रीज आहे का. ते म्हणतात, "आहे की, थंडा आणू का वहिनी?"

आमच्या घरचा फ्रीजही सुटला नाही. बाटल्या खालच्या खणात, ताकाच्या शेजारी ठेवल्या होत्या. पाहुण्यांसाठी ताक ओतताना सासूबाईंनी अ‍ॅझोस्पिरिलमचं झाकण उघडलं आणि वास घेऊन परत लावलं. "हे जिवंत आहे," एवढंच म्हणाल्या, आणि ताकाची बाटली घेतली. आता जिवाणूंची जागा भाजीच्या डब्यात, वर लाल फडकं.

तारे साडेतीन का, पाच का नाही? कारण विद्यापीठाची बाटली मिळवायला मला दोनदा जावं लागलं. पहिल्या खेपेला साठा संपला होता, दुसऱ्या खेपेला पावती एका इमारतीत आणि बाटली दुसऱ्या इमारतीत. जेवणाची सुट्टी मध्ये आली. मुदत वर्षभराची लिहिलेली असली, तरी आमच्या उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा फ्रीजचा भरवसा नाही. म्हणून लागेल तेवढीच, हंगामाच्या आठवडाभर आधी आणते. आणि अर्धा तारा यासाठी कापला, की कागदावर रोपवाटिकेसाठी कसं वापरायचं याची एक ओळही नाही. सोयाबीन, ऊस, भात सगळं आहे. काडी लावणाऱ्याने काय करायचं, ते मला भाचीकडून, फसून आणि फाडलेल्या पिशव्यांतून शिकावं लागलं.

या जानेवारीत अंजिराच्या दोन हजार काड्या लावणार आहे, सगळ्या चौथ्या वाफ्याच्या पद्धतीने. मधोमध एक वाफा साध्या पाण्याचा ठेवणार, सावली नसलेल्या बाजूला, म्हणजे आंब्याच्या झाडाचा वाद मिटेल. ह्यांनी एक वेगळा पंप घेतलाय. त्याच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलंय, "जिवाणू. यात औषध घालू नये." खाली मुलीने एक चेहरा काढलाय, डोळे मोठे, हसणारा. दुसऱ्या पंपावर फक्त "तेल्या" लिहिलंय, चेहरा नाही.